गंज, कल्हई आणि निष्कलंक पोलाद

आपल्या मराठवाड्यात 'गंज' हा एकच शब्द तीन अर्थांनी नांदत आला आहे. लातूरची गंजगोलाई सर्वांस ठाऊक आहे. तेथील गंज म्हणजे बाजारपेठ. चुलीवर भात शिजतो तो गंज म्हणजे भांडे. आणि लोखंडास ओल लागली की त्यावर जो तांबूस भुगा चढतो, तोही गंजच. पहिल्या गंजात दुकान मांडून दुसरा गंज विकावयाचा, आणि त्यास कोणत्याही प्रकारचा कळक लागू नये म्हणून झटावयाचे, हा आपल्या कासार-तांबट ज्ञातीचा पिढ्यान् पिढ्यांचा उद्योग होय.

ज्ञातीच्या स्मरणिकेत इतिहास लिहावयाचा म्हणजे बहुधा कुळे, गोत्रे, स्थलांतरे आणि देवस्थाने यांचा इतिहास लिहिला जातो. तो लिहिला जावा हे उचितच आहे. परंतु कारागीर ज्ञातीचा आणखी एक इतिहास असतो, आणि तो कोणत्याही वहीत नोंदलेला नसतो. तो हाताचा इतिहास होय. कोणता धातू केव्हा हाती आला, तो कसा शुद्ध करावयाचा, त्यावर कोणते रक्षण चढवावयाचे, हे ज्ञान बापाच्या हातून लेकाच्या हाती जात राहिले; आणि ज्या पिढीत ते गेले नाही, त्या पिढीत ते नाहीसे झाले. प्रस्तुत लेखात याच इतिहासाचा एक धागा हाती घेण्याचा विचार आहे. तो धागा कल्हईच्या भट्टीपाशी सुरू होतो आणि आज लातूरजवळच्या रेल्वे-डब्यांच्या कारखान्यापाशी येऊन पोहोचतो.

'कासार' हा शब्द 'कांस्यकार' या संस्कृत शब्दापासून आला, हे सर्वश्रुत आहे. कासे, पितळ आणि तांबे या तीन धातूंवर आपली घरे उभी राहिली. हंडा, कळशी, घागर, घंगाळ, परात, तपेले आणि बंब यांवाचून मराठी संसार पुरा होत नसे, आणि लग्नाची बोलणी झाली की वधुपित्याची पहिली फेरी आपल्याच दुकानी होत असे. तथापि या धातूंत एक मोठा दोष होता. तांब्यापितळेच्या भांड्यात ताक, चिंचेचे सार किंवा आमटी ठेवली की ती कळकत असे. आंबट पदार्थ तांब्याला खातो, त्याचे क्षार अन्नात उतरतात आणि ते पोटास बाधतात. या दोषावर आपल्या पूर्वजांनी योजिलेला उपाय म्हणजे कल्हई.

कल्हईची क्रिया आज नव्या पिढीतील पुष्कळ मुलांनी पाहिलेली नाही, म्हणून ती थोडक्यात सांगणे अवश्य वाटते. कल्हईवाला प्रथम भांडे वाळूने, राखेने आणि आंबट पाण्याने घासून त्याचा जुना थर, चिकटा आणि काळेपणा काढी. मग भात्याने फुललेल्या निखाऱ्यांवर ते धरी. भांडे पुरेसे तापले की कापसाच्या बोळ्याने नवसागर फिरवी. पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि आतला तांब्याचा रंग लखलखीत उघडा होई. तोच क्षण साधून तो कथलाची कांडी लावी. कथील सुमारे २३२ अंश सेल्सियसला वितळते. ते वितळले की बोळ्याने सर्वत्र पसरून भांडे पाण्यात बुडवावयाचे. बघणाऱ्यास वाटे की चमत्कार कथलाचा आहे. वस्तुतः खरे काम नवसागराने केलेले असे. तापल्यामुळे तांब्यावर जो ऑक्साइडाचा सूक्ष्म थर बसतो, तो नवसागर खाऊन टाकतो. आणि ज्या ठिकाणी तो थर राहिला त्या ठिकाणी कथील धरत नाही. म्हणूनच जुने जाणते म्हणत की कल्हई घासण्यात असते, लावण्यात नसते. ही म्हण वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्याभोवतीच फिरणार आहे.

हा व्यवसाय मोडला तो कोणा शत्रूमुळे नव्हे, तर एका नव्या धातूमुळे. दुर्गापूर येथील मिश्र पोलादाचा सरकारी कारखाना १९६५ साली सुरू झाला. सेलमचा कारखाना १९८२ साली निष्कलंक पोलादाचे पत्रे लाटू लागला. आणि त्या दोन-तीन दशकांत स्टेनलेस स्टीलचे भांडे श्रीमंताच्या कपाटातून निघून सर्वसामान्यांच्या मांडणीवर आले. बोहारणीने जुन्या लुगड्यांच्या बदली स्टीलचे डबे दिले, आणि आयाबहिणींनी तांब्यापितळेचे हंडे मोडीत घातले. स्टीलला कल्हई नको, चिंच नको, राख नको. कल्हईवाल्याची आरोळी प्रथम शहरांतून आणि मागाहून खेड्यांतून बंद झाली. नांदेड-लातूरच्या पेठांतील आपले ज्ञातिबांधव भांडी घडविणारे होते, ते भांडी विकणारे झाले. हातोडी भिंतीला टांगली गेली आणि हाती तराजू तेवढा राहिला. फार तर भांड्यावर नाव घालून देण्याचे यंत्र दुकानात आले. व्यापारात कमीपणा मुळीच नाही. परंतु हातचे ज्ञान गेले याची खंत वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजूनही डोकावते.

आता, ज्या धातूने ही उलथापालथ केली, त्याची कुळकथा पाहू. कारण शत्रू म्हणून ज्याच्याकडे पाहिले, तो आपल्याच गोत्राचा निघतो.

लोखंड तीव्र नत्राम्लात बुडविले असता विरघळत नाही, उलट ते जणू उदासीन होऊन बसते, ही विलक्षण गोष्ट जेम्स कीर याने १७९० साली नोंदली. सौम्य नत्राम्ल लोखंडास फसफसून खाते, आणि तीव्र नत्राम्लात तेच लोखंड स्वस्थ राहते! १८३६ साली शेनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने याच विषयावर मायकेल फॅरडे यांच्याशी पत्रव्यवहार केला. धातूच्या या अवस्थेस 'पॅसिव्ह' हे नाव तेव्हापासून रूढ झाले. फॅरडे यांनी असा तर्क केला की लोखंडाच्या पृष्ठभागावर डोळ्यांस न दिसणारा ऑक्साइडाचा थर बसत असावा आणि तोच त्याचे रक्षण करीत असावा. हा तर्क पुढे खरा ठरला. तथापि साध्या लोखंडावरील हा थर दुबळा असतो. बोट लागले, ओरखडा उठला की मोडतो.

तो थर टिकाऊ करणारा धातू म्हणजे क्रोमियम. लोखंडात क्रोमियम मिसळल्यास ते आम्लास दाद देत नाही, हे फ्रान्समध्ये बर्थिए याने १८२१ सालीच पाहिले होते. पण त्या काळी कार्बन कमी ठेवण्याची विद्या हस्तगत नव्हती, म्हणून ते मिश्रण ठिसूळ निघे. पुढे जर्मनीत क्रुप कारखान्यातील श्ट्राउस व माउरर यांनी १९१२ साली क्रोमियम-निकेलयुक्त पोलाद सिद्ध केले. इंग्लंडात शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली याने १९१३ साली बंदुकीच्या नळ्यांसाठी पोलाद शोधता शोधता न गंजणारे पोलाद ओतले, आणि त्याचे पहिले मोल सुऱ्या-काट्यांसाठी आहे हे ओळखले. हा ब्रेअर्ली कोणी विद्यापीठाचा पंडित नव्हता. त्याचे वडील पोलाद वितळविणारे कामगार होते आणि तो स्वतः पोरवयातच कारखान्यात राबू लागला होता. म्हणजे निष्कलंक पोलादही भट्टीपाशी वाढलेल्या एका कारागिराच्या पोराच्याच हाताने जगापुढे आले.

कल्हई आणि हे पोलाद यांतील साम्य व भेद येथे स्पष्ट होतो. तांब्यावर आपण कथलाची कातडी बाहेरून चढवीत होतो. ती झिजे, आणि काही महिन्यांनी पुन्हा चढवावी लागे. या पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असल्यास हवेतील प्राणवायू घेऊन ते आपली कातडी आपणच विणते. ही कातडी एका मिलिमीटरच्या लक्षांशाहूनही पातळ, म्हणजे अवघ्या दोन-तीन नॅनोमीटर जाडीची असते. ओरखडा उठला तरी ती पुन्हा भरून येते. आपल्या घरांतील उत्तम भांड्यांत साधारणपणे अठरा टक्के क्रोमियम व आठ टक्के निकेल असते. थोडक्यात, हे पोलाद स्वतःच स्वतःला कल्हई करून घेते. मात्र अट एकच, आणि ती जुनीच: पृष्ठभाग स्वच्छ असला पाहिजे.

ही अट जेथे हमखास मोडते ती जागा म्हणजे वेल्डिंगचा सांधा. आपले पूर्वज भांड्याला डाख देत, तेव्हा उष्णता बेताची असे. आजचा वेल्डिंगचा झोत पोलादच वितळवितो. सांध्याच्या दोन्ही अंगांस मग गवती पिवळा, सोनेरी, तांबूस, जांभळा, निळा आणि शेवटी काळपट असे पट्टे उमटतात. अनभिज्ञ माणसास ते मोरपिसासारखे शोभिवंत दिसतात. जाणत्यास ते आजाराचे लक्षण वाटते. हा रंग म्हणजे उष्णतेने जाड व सच्छिद्र झालेला ऑक्साइडाचा थर. त्याला लागणारे क्रोमियम लगतच्या पोलादातूनच ओढले गेलेले असते, म्हणून रंगाच्या खाली पोलादाची एक दरिद्री पापुद्री राहते. क्रोमियम गेले की त्या जागेचे अठरा टक्क्यांचे कुलीन पोलाद साध्या लोखंडाच्या पंक्तीस जाऊन बसते. शिवाय साडेचारशे ते साडेआठशे अंशांच्या दरम्यान पोलाद रेंगाळल्यास त्यातील कार्बन क्रोमियमला धरून बसतो आणि कणांच्या सीमांवरून गंज आत शिरतो. सुरुवातीच्या काळात या रोगाने मोठमोठी पात्रे सांध्यालगत फुटली, तेव्हा कुठे अत्यल्प कार्बनाचे पोलाद प्रचारात आले. आज अशा पोलादात कार्बन शेकडा ०.०३ हून अधिक नसतो.

येथे एक स्वानुभव सांगणे प्राप्त आहे, कारण दोष आमचाच होता. आमच्या लहानशा कारखान्यात एका दूध संस्थेसाठी पोलादी टाकी केली. सांधे बळकट होते, गळती नव्हती, टाकी आरशासारखी चमकत होती. घाईत मात्र असे झाले की ज्या तारेच्या ब्रशाने लोखंडी फाटके घासली जात, त्याच ब्रशाने हे सांधे घासले. आणि वरून फरशी धुण्याच्या आम्लाने डाग पुसून काढले. चार महिन्यांत सांध्याच्या कडेने तपकिरी ठिपक्यांची रांग उठली. टाकी परत आली. आमचे वृद्ध चुलते, ज्यांनी उमेदीत कल्हई केली होती, ते टाकीत डोकावून एवढेच म्हणाले, "बाबा रे, तू भांडं घासलं नाहीस, नुसतं पुसलंस. मग कल्हई धरणार कशी?" त्यांना क्रोमियम हा शब्द ठाऊक नव्हता, पण रोगाचे निदान त्यांचे अचूक होते.

त्या प्रसंगाने एक गोष्ट मात्र शिकविली की तत्त्व जुने असले तरी साधने जुनी चालत नाहीत. लोखंडी ब्रशाचे सूक्ष्म कण पोलादात रुततात आणि तेच प्रथम गंजतात. नवसागर, मीठ आणि मिठाचे तेजाब ही आपल्या जुन्या कामाची जिवलग साधने. परंतु या तिन्हींत क्लोराइड असते, आणि क्लोराइड हे निष्कलंक पोलादाचे विष आहे. ते त्या अदृश्य कातडीस सुईच्या टोकाएवढी भोके पाडते आणि त्या भोकांतून पोलाद आतल्या आत पोखरले जाते. तांब्याचा मित्र तो पोलादाचा वैरी, हे सूत्र आपल्या कारखानदार बंधूंनी भिंतीवर लिहून ठेवावे.

मग योग्य रीत कोणती? ती क्रमाने अशी आहे. पहिली पायरी सांधा करतानाच सुरू होते: सांध्याच्या पाठीमागच्या बाजूसही अर्गॉन वायू सोडून हवा दूर ठेविल्यास रंग मुळातच कमी उमटतो. दुसरी पायरी तेल, ग्रीस व खडूच्या खुणा धुऊन काढण्याची. तेलाखाली आम्ल पोहोचत नाही. तिसरी पायरी घासण्याची, तीही केवळ याच पोलादासाठी राखून ठेविलेल्या स्टेनलेसच्या ब्रशाने किंवा नव्या चकतीने. चौथी पायरी पिकलिंगची. नत्राम्ल आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल यांच्या मिश्रणाची लुकण, जिला बाजारात पिकलिंग पेस्ट म्हणतात, सांध्यावर लावावयाची, अथवा वस्तू लहान असल्यास त्याच मिश्रणाच्या हौदात बुडवावयाची. हे मिश्रण रंगही खाते आणि त्याखालची दरिद्री पापुद्रीही खाते, आणि निरोगी पोलाद उघडे करते. कल्हईतील नवसागराचे स्थान येथे या मिश्रणास आहे. ते किती वेळ ठेवावयाचे हे पोलादाच्या जातीवर व हवेच्या उष्णतेवर अवलंबून असते. आपल्याकडील वैशाखात ते झपाट्याने काम करते आणि उन्हात वाळू दिल्यास स्वतःच डाग पाडते. म्हणून हे काम सावलीत करावे. मग भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे.

पाचवी पायरी पॅसिव्हेशनची, म्हणजे धातूस उदासीन करण्याची. पिकलिंगने उघडे पडलेले पोलाद हवेतही आपली कातडी विणतेच. पण रुतलेले लोहकण काढून टाकणे आणि कातडी लवकर व सर्वत्र सारखी बसविणे यासाठी नत्राम्लाचे अथवा सायट्रिक आम्लाचे स्नान देतात. नत्राम्ल सुमारे वीस ते पंचेचाळीस टक्क्यांचे, साध्या उष्णतेस निदान अर्धा तास. सायट्रिक आम्ल चार ते दहा टक्क्यांचे, कोमट, निदान वीस मिनिटे, असे प्रमाण मान्य आहे. सायट्रिक आम्ल म्हणजे लिंबातील आंबटपणा. चिंच-लिंबाने भांडे उजळणाऱ्या आपल्या आजीबाईंस हे ऐकून नवल वाटले नसते. शेवटी पुन्हा स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावयाचे. अलीकडे काही कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल आणि मंद वीजप्रवाह यांच्या साहाय्याने कार्बनतंतूंच्या कुंचल्याने सांधे साफ करतात. ती रीतही चांगली व तुलनेने निर्धोक आहे.

आता काम नीट झाले की नाही हे ओळखावयाचे कसे? येथे आपला जुना सोबती तांबे साक्षीस उभा राहतो. अडीचशे घन सेंटीमीटर शुद्ध पाण्यात चार ग्रॅम मोरचूद व एक घन सेंटीमीटर गंधकाम्ल घालून तो द्राव सांध्यावर सहा मिनिटे ओला ठेवावा. पृष्ठभागावर मोकळे लोखंड शिल्लक असेल तर मोरचुदातील तांबे त्या जागी गुलाबी डाग होऊन बसते. डाग न उठल्यास काम निर्दोष. मात्र अन्न किंवा दूध ज्यात ठेवावयाचे त्या पात्रांवर, तसेच सोळा टक्क्यांहून कमी क्रोमियम असलेल्या फेरिटिक जातीच्या पोलादावर ही कसोटी करू नये. अन्नाच्या पात्रांसाठी केवळ शुद्ध पाण्याने वारंवार ओले-कोरडे करून गंज उठतो का ते पाहावे.

एवढे सांगून थांबलो तर मोठा अपराध होईल. पिकलिंगमधील हायड्रोफ्लोरिक आम्ल हे आपल्या ओळखीच्या तेजाबांसारखे नाही. साधे तेजाब अंगावर पडले तर तत्काळ आग होते आणि माणूस हात झटकतो. हे आम्ल सौम्य असता कधी कधी काही तास कळतही नाही. तोवर ते कातडीतून खोल शिरते आणि शरीरातील कॅल्शियम ओढून घेते. मोठ्या भागावर पडल्यास हृदयक्रिया बंद पडून प्राण जाऊ शकतो. म्हणून आम्लरोधक हातमोजे, चष्मा, मुखावरण व एप्रन यांवाचून कोणासही पेस्टला हात लावू देऊ नये. कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल कामाच्या जागी हाताशी ठेवावे. आम्ल लागताच पुष्कळ पाण्याने धुवावे, जेल चोळावे आणि दुखत असो वा नसो, रुग्णालय गाठावे व तेथे आम्लाचे नाव स्पष्ट सांगावे. कल्हईच्या धुराने आपल्या पूर्वजांची छाती भरली, तो काळ अज्ञानाचा होता. आज ज्ञान असता एका मोज्यापायी एखाद्या शिकाऊ पोराचा हात जाणे, हे ज्ञातीस लांछन होय.

दुसरी जबाबदारी पाण्याची. वापरलेल्या आम्लात क्रोमियम व निकेल उतरलेले असते. ते चुन्याने मारून, तळाशी बसलेला गाळ वेगळा काढून मगच नियमाप्रमाणे विल्हेवाट लावावी. चुन्यामुळे फ्लोराइडही अविद्राव्य होऊन खाली बसते. ज्या लातूरकरांनी १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून आलेल्या आगगाडीतून पाच लाख लिटर पाणी उतरताना पाहिले, त्या लातूरकरांस पाण्याचे मोल निराळे सांगावयास नको. आपल्या कारखान्याचा निचरा शेजाऱ्याच्या विहिरीत उतरला, तर त्या पापास कोणतीही कल्हई झाकू शकणार नाही.

आगगाडीचा उल्लेख आला, तो या लेखाचा शेवटचा टप्पा आहे. लातुरास आगगाडी आली ती १९११ साली, बार्शी लाइट रेल्वेची, अडीच फुटी रुळांची. नांदेडास निजामाच्या राज्यातील गोदावरी खोऱ्याची मीटरमापी लोहवाट त्याआधीच पोहोचली होती. आपली भांडी याच गाड्यांतून गावोगाव गेली. या देशातील गाड्यांचे डबे दीर्घकाळ पेरांबूरच्या कारखान्याच्या नमुन्याचे, रंग दिलेल्या साध्या पोलादाचे होते. तो कारखाना १९५५ साली सुरू झाला. २००० साली जर्मनीहून नव्या बांधणीचे डबे आले, ज्यांची काया निष्कलंक पोलादाची आहे, आणि २०१८ साली जुन्या नमुन्याचे उत्पादन थांबले. त्याच वर्षी, ३१ मार्च २०१८ रोजी, लातूरजवळ मराठवाडा रेल्वे कोच फॅक्टरीची पायाभरणी झाली. आणि २५ डिसेंबर २०२० रोजी तेथून डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला. २०२३ साली वंदे भारत जातीच्या शयनयान गाड्यांचे १,९२० डबे बांधण्याचा करार झाला, आणि ते काम लातूरच्या कारखान्यासाठी योजिले गेले.

वाचकहो, या घटनेचा अर्थ आपण नीट ध्यानी घ्यावा. ज्या धातूने आपल्या हातची हातोडी काढून घेतली, तोच धातू आज आपल्या दाराशी काम घेऊन आला आहे. डबा म्हणजे तरी काय? हजारो सांध्यांचे एक भले मोठे पात्रच. त्या पोलादाच्या काही जातींत क्रोमियम अवघे बारा टक्क्यांच्या आसपास असते. तेथे सांध्यांची सफाई अधिक जोखमीची, आणि आम्लही अधिक जपून वापरावयाचे, नाहीतर रोगाबरोबर रोगीही खाल्ला जावयाचा. त्याशिवाय तेलगिरण्या, साखर कारखाने, दूध संकलन केंद्रे, आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील लंगरासारखी, जेथे रोज सहस्रावधी मुखी अन्न जाते अशी स्वयंपाकघरे, या सर्वांस निर्दोष सांधलेल्या पात्रांची गरज आहे. वेल्डिंग करणारे पुष्कळ मिळतात. वेल्डिंगनंतरचा तो अखेरचा अर्धा तास मनापासून देणारे मात्र थोडे, कारण तो अर्धा तास गिऱ्हाईकाच्या डोळ्यांस दिसत नाही. न पुसता निघालेली चमक आणि पुसून आणलेली चमक यांतील फरक पहिल्या दिवशी कळत नाही. तो पहिल्या पावसाळ्यात कळतो. आणि जे काम गिऱ्हाईकास दिसत नाही ते प्रामाणिकपणे करणे, हीच कारागिराची खरी अब्रू होय.

म्हणून या स्मरणिकेच्या द्वारे दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली अशी की, आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून दरवर्षी निदान काही मुला-मुलींस औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वेल्डिंगच्या शिक्षणासाठी, आणि त्यातही या सफाईच्या विद्येसाठी, मदत देण्यात यावी. मुलींचे नाव येथे मुद्दाम घेतले आहे. हे काम बळाचे नसून दक्षतेचे आहे, आणि घरातील भांड्यांचा कळक प्रथम कोणाच्या नजरेस येई हे आपण जाणतोच. दुसरी सूचना अशी की, ज्या वडीलधाऱ्यांनी स्वतःच्या हाताने मठारकाम, डाख अथवा कल्हई केली आहे, त्यांजवळ बसून त्यांचे अनुभव नव्या पिढीने लिहून घ्यावेत. त्यांची साधने आज उपयोगी पडणार नाहीत, पण त्यांची नजर उपयोगी पडेल. आमची एक टाकी त्या नजरेनेच वाचविली. पुन्हा घासून, आम्ल देऊन, धुऊन ती संस्थेस परत केली, आणि ती पुढे डागली नाही.

धातू बदलले. कासे गेले, तांबे मागे पडले, पितळ देवघरापुरते उरले. उद्या पोलादही जाईल आणि आणखी काही येईल. परंतु कोणताही धातू आला तरी त्यास प्रथम निर्मळ करावे लागेल आणि मगच तो आपले तेज धारण करील. आई कालिकेने आपल्या ज्ञातीच्या हाती हीच विद्या दिली आहे. ती वाया जाऊ नये, ती पुढच्या हाती सोपविली जावी, एवढीच तिच्या चरणी प्रार्थना करून हा लेख संपवितो.